नवसाचा टर्बो

"हवेचं मला शिकवू नका," असं गोरक्षनाना थेटे दिवसातून दोनदा तरी म्हणत, आणि बहुतेक वेळा समोर कोणी शिकवायला आलेलं नसे. पण त्यांना तो हक्क होता. द्राक्षबागेत ट्रॅक्टरच्या मागे औषध फवारणारा मोठा पंखा असतो, त्याला ब्लोअर म्हणतात. असले ब्लोअर बनवण्यात आणि बिघडलेले दुरुस्त करण्यात नानांचं सगळं आयुष्य गेलं. दिंडोरीपासून निफाडपर्यंत अशी बाग सापडणं अवघड, जिच्या पानांनी नानांची हवा खाल्ली नाही.

त्यामुळे गाडीला टर्बो कुठला बसवायचा हा प्रश्न आला, तेव्हा तो सोडवायला त्यांनी चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ घेतला नाही. मोठा बसवायचा. पुढे जे जे झालं, ते या निर्णयामुळे झालं.

आता मुळात एका साठीच्या विधुराला टर्बो कशाला लागतो, ते सांगायला हवं.

नानांकडे एक फार जुनी, चौकोनी, पांढरी गाडी होती. तिला घरात सगळे 'पांढरी'च म्हणायचे. गोठ्यात एखादी गाय असावी तशी ती दारात उभी असायची. नानांची बायको सुवर्णा, हिचं माहेर नांदुरीचं, म्हणजे सप्तशृंगी गडाच्या अगदी पायथ्याचं. दरवर्षी द्राक्षांचा हंगाम संपला की दोघं पांढरीतून गडावर निघायची, आणि दरवर्षी पांढरी घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर वाफ सोडून बसायची. सुवर्णा शांतपणे उतरायची, पदर खोचायची आणि पायी चालू लागायची. जाताना एवढंच म्हणायची, "या मागून." मग तिचा भाऊ भिका खालून ट्रॅक्टर घेऊन यायचा आणि दोर बांधता बांधता दाजींची विचारपूस करायचा. ती विचारपूस नाना पुढचे सहा महिने विसरायचा प्रयत्न करत.

एका वर्षी वैतागून सुवर्णाने देवीलाच मध्ये घातलं. ही गाडी न थांबता एका दमात वर येऊ दे, तुला अकरा वारी साडी नेसवीन. साडी तिने लगेच घेऊनही टाकली, जांभळी, हिरव्या काठाची. तेव्हापासून ती साडी दरवर्षी सुवर्णाच्या काखेतून पायी घाट चढायची, देवीचं दर्शन घ्यायची आणि घडी न मोडता परत नाशिकला कपाटात येऊन बसायची. लोक म्हणायचे, आता देऊन टाक की, देवी काय गाडीचा नंबर बघणार आहे? सुवर्णा ऐकायची नाही. ठरलं ते ठरलं, म्हणायची. देवीशी लबाडी करायची नाही.

दीड वर्षापूर्वी सुवर्णा गेली. साडी कपाटात राहिली.

मुलगी निकिता मनमाडला असते, जावई रेल्वेत आहेत. तिने दहादा सांगितलं की बाबा, आमच्या गाडीतून जाऊ, साडी देऊ आणि मोकळे होऊ. नानांनी दहादा मान हलवली, पण ती 'नाही' अशी. नवस पांढरीचा होता. पांढरी न थांबता वर जाईल, तेव्हाच साडी देवीला जाईल. त्यांनी हे एकदा ठरवलं आणि मग त्यावर पुन्हा विचार करायची त्यांना गरज वाटली नाही.

पण पांढरीचं मूळ इंजिन दोनदा बोअर करून झालं होतं. तिसऱ्यांदा करायला त्यात लोखंडच उरलं नाही, असं फिटर म्हणाला. तेव्हा नानांचा भाचा ललित पुढे आला. नानांची बहीण साळूबाई, तिचा हा मुलगा. अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या चांगल्या चालत्या गाड्या उघडून आणखी चांगल्या करत बसायचा. त्याच्याकडे एक जपानी रोटरी इंजिन पडून होतं. कोणा हौशी माणसाने रेससाठी मागवलं, त्याच्या बायकोने बघितलं, आणि ते ललितकडे आलं.

इंजिन गॅसच्या सिलिंडरएवढं होतं. नाना त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि बाकीचं कुठे आहे असं विचारलं. ललितने समजावलं की यात पिस्टन नसतात, खाली-वर काही होत नाही, आत एक तिकोनी तुकडा असतो आणि तो गोल फिरतो.

"तिकोनी म्हणजे कसा?"

"समोसा समजा, मामा."

"समोसा फिरवून गाडी चालते?"

"पळते. फक्त कमी स्पीडला दम कमी पडतो. म्हणून टर्बो लावायचा."

टर्बो म्हणजे काय, तेही ललितने सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराने एक पंखा फिरतो, आणि त्याला जोडलेला दुसरा पंखा हवा दाबून पुन्हा इंजिनात भरतो. हे ऐकून नानांच्या चेहऱ्यावर दीड वर्षात पहिल्यांदा रंग आला. म्हणजे ब्लोअरच, ते म्हणाले. ललित म्हणाला, ब्लोअर नाही. नानांनी त्याला हवेबद्दलचं ते वाक्य ऐकवलं.

ललितचं म्हणणं साधं होतं. लहान टर्बो कमी धुरावर लगेच जागा होतो. मोठा उशिरा जागा होतो, पण एकदा झाला की थांबत नाही. दोन लहान बसवता येतात, पण पांढरीच्या बॉनेटखाली तेवढी जागा नव्हती. घाटात सारखी वळणं, प्रत्येक वळणावर गाडी हळू होणार, तेव्हा लहान एकच बसवावा.

नानांच्या धंद्यात मात्र याच्या उलट चालायचं. लहान पंख्याची हवा बाहेरच्या पानांना लागते, आतल्या घडांपर्यंत पोचत नाही, आणि आत डावणीची बुरशी पडते. म्हणून पंखा नेहमी एक साइज मोठा घ्यायचा. शेतकरी विहिरीवरची मोटारही तशीच घेतो. तीनची पुरत असली तरी पाचची बसवतो, कारण दुष्काळात कोण विचारायला येणार आहे? नानांनी हे सगळं ललितला सांगितलं आणि दोघं मालेगावला गेले.

मालेगावच्या त्या दुकानात जुन्या गाड्यांचे भाग छतापर्यंत रचलेले होते. दुकानवाल्या चाचांनी गोणपाटावर तीन टर्बो मांडले. नानांनी बाजारात फ्लॉवरचा गड्डा उचलावा तसा एकेक उचलून हातावर जोखला. मग त्यांनी प्रत्येकात फुंकर मारली. लहानाचा पंखा गरगर फिरला. मधल्याचा जरा हलला. तिसऱ्याचा, जो दहा चाकी ट्रकचा होता, तो ढिम्म राहिला.

"हाच," नाना म्हणाले. "याला फुंकर पुरत नाही. म्हणजे यात जीव आहे."

ललितने डोक्याला हात लावला. चाचा म्हणाले, "नाना, लेके जाव, मगर गाडी छोटी है ना? इसको गाडी में बिठाओगे या गाडी को इसमें?"

नाना हसले नाहीत. टर्बो त्यांनी परतीच्या वाटेवर मांडीवर घेतला.

बॉनेटला भोक पाडून तो बसवला, तेव्हा तो पांढरीच्या डोक्यावर आवाळू आल्यासारखा दिसत होता. आरटीओच्या मंजुरीचा कागदही नानांनी मिळवला. ती हकीकत वेगळी आहे आणि तिच्यात हसण्यासारखं काही नाही.

पहिली चाचणी नानांनी घरीच घ्यायची ठरवली. त्यांचं रो-हाउस इंदिरानगरात गल्लीच्या अगदी टोकाला आहे, मागे नाला, नाल्यात बाभळी आणि घाणेरीची झुडपं. नाना विचारी माणूस. शेजाऱ्यांना धुराचा त्रास नको म्हणून त्यांनी ब्लोअरचा जाड लवचीक पाइप गाडीच्या सायलेन्सरला जोडला आणि त्याचं दुसरं टोक गॅरेजच्या मागच्या खिडकीतून नाल्यात सोडलं. शटर अर्धं ओढून घेतलं. ब्लोअरच्या कामात कान जातात म्हणून कानात कापसाचे बोळे घालायची त्यांना सवय होती, तेही घातले. शर्ट खुंटीला लावला, फोन शर्टात राहिला. उजाडत होतं. त्यांनी चावी फिरवली.

रोटरी इंजिन सुरू होऊन जागच्या जागी चालू असतं तेव्हा सरळ आवाज काढत नाही. ब्रप्-ब्रप्, ब्रप्-ब्रप् असं ते चालतं. बोथट करवतीने कोणी ओलं लाकूड कापत बसावं तसं. आणि तो आवाज गॅरेजमधून न येता पाइपातून घुमत, मागच्या नाल्यातल्या झुडपांतून यायला लागला.

शेजारच्या यशोदाबाई दारात रांगोळी काढत होत्या. त्यांनी आवाज ऐकला, रांगोळीचा डबा तिथेच टाकला आणि आत जाऊन कडी लावली. मग कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं की नाल्यात बिबट्या आहे.

नाशिकमध्ये हे वाक्य कोणी खोटं समजत नाही. बिबट्या इथे कुठेही निघतो. बंगल्यात, शाळेच्या आवारात, एकदा तर लग्नाच्या हॉलमागे निघाला होता. कॉलनी पाच मिनिटांत गच्चीवर गेली. वनविभागाची गाडी आली. वनपाल प्रतिभाताई भिंतीला कान लावून, डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या की बिबट्याच आहे. असाच करवतीसारखा ओरडतो. नर आहे. मोठा आहे. मग नालाभर एक ब्रप् घुटमळला तेव्हा त्यांनी आणखी कान दिला आणि म्हणाल्या, "आजारी वाटतो."

बिबट्याला वस्तीपासून लांब ठेवायला लोक फटाके लावतात. इथेही पोरांनी गच्चीवरून लावले. आत नानांना कापसातून ते बारीक ठो-ठो ऐकू आले. त्यांना वाटलं, इंजिन बॅकफायर मारतंय. त्यांनी पेट्रोलचा स्क्रू पिळला आणि रेस वाढवली. त्याबरोबर नाल्यातला बिबट्या खवळला. तो खवळला म्हणून पोरांनी मोठे फटाके लावले. फटाके वाजले म्हणून नानांनी आणखी स्क्रू पिळला. असं बराच वेळ चाललं. एवढा चिवट बिबट्या आपण पाहिला नाही, असं वनविभागाचा एक जवान म्हणाला.

तिकडे निकिता मनमाडहून फोनवर फोन करत होती आणि खुंटीवरचा शर्ट थरथरत होता. ललित आला तर गल्लीच्या तोंडाशी दोर बांधलेला. त्याने आवाज ऐकला आणि त्याच्या अंगाला घाम फुटला. बिबट्याच्या भीतीने नव्हे. तो आवाज त्याने स्वतःच्या हाताने जोडला होता. प्रतिभाताईंना गाठून सांगावं म्हणून तो गर्दीतून पुढे घुसला, पण बिबट्या माझ्या ओळखीचा आहे असं सांगणाऱ्या माणसाला पोलीस पुढे सोडत नाहीत.

तोवर चाकांवरचा पिंजरा आला होता. प्रतिभाताईंनी तो गल्लीच्या टोकाला, बरोबर नानांच्या फाटकासमोर ठेवला. आतल्या बंद कप्प्यात एक शेळी बांधली आणि सगळे मागे सरले. गल्लीत चिटपाखरू राहिलं नाही.

नानांचं मन भरलं होतं. इंजिन आता कसं सलग चालत होतं. त्यांनी पाइप काढला, शटर वर केलं आणि पांढरीत बसले. ललितने टर्बोच्या दाबाचा एक काटा डॅशबोर्डवर बसवला होता. नानांचं सगळं लक्ष त्या काट्यावर. रस्ता त्यांच्या ओळखीचा होता, त्यात बघण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटलं नाही.

त्यांनी पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबला. पांढरी निवांत फाटकापर्यंत आली. काटा हलला नाही. आणखी दाबला. पांढरी फाटकाबाहेर आली. काटा हलला नाही. नानांनी पाय तळाला टेकवला. गाडीचं नाक कशाला तरी हळूच टेकलं, आणि त्याच क्षणी ट्रकचा टर्बो जागा झाला.

गच्चीवरून कॉलनीने जे पाहिलं ते असं. बिबट्याचा पिंजरा आपोआप हलला, मग चालायला लागला, मग पळायला लागला. पिंजऱ्यात शेळी उभी होती आणि मान वर करून समोर बघत होती. पिंजऱ्यामागे धुराचा ढग, आणि ढगात काहीतरी पांढरं किंचाळत होतं. यशोदाबाईंनी डोळे मिटले होते. तरीसुद्धा बिबट्याने पिंजरा पळवलेला आपण डोळ्यांनी पाहिला, असं त्या आजही सांगतात.

गल्ली संपली, तोंडाशी बांधलेला दोर तुटला, गर्दी बाजूला पांगली, पलीकडे जॉगिंग ट्रॅकचं फाटक आलं, तिथे नानांना ब्रेक सापडला. शेळीला काही झालं नव्हतं. नाना उतरले. कानातले बोळे काढले. समोर पिंजरा, वर गच्च्यांवर सगळी कॉलनी.

"शेळी कोणाची आहे?" नानांनी विचारलं.

प्रतिभाताई आल्या, त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, इंजिन सुरू करायला लावलं आणि तोंड मिटून ऐकलं. एवढी वर्षं नोकरी केली, त्या म्हणाल्या, आणि मी याला आजारी नर म्हणाले. ललित तोवर धापा टाकत पोचला होता. तो म्हणाला, "मॅडम, आजारी आहेच. मिक्श्चर चुकलंय."

कॉलनीने नानांना गाडी गल्लीत सुरू करायला कायमची बंदी घातली. ते योग्यच होतं आणि नानांनी ते मान्य केलं. पण ललित जेव्हा म्हणाला की मामा, पाय तळाला लावल्यावर टर्बो उठायला किती वेळ लागला ते बघितलंत ना, तेव्हा नानांनी मान्य केलं नाही. उशीर झाला, पण उठला की नाही? पिंजरा रेटला, शेळी रेटली. घाटात तर शेळीसुद्धा नाही.

पुढच्या मंगळवारी निकिता सुट्टी काढून आली. सुवर्णाच्या जागेवर बसली, साडीची पिशवी मांडीवर. नांदुरीला भिकाचं चहाचं हॉटेल रस्त्यालाच आहे. पांढरी येताना बघून त्याने गल्ल्यावरून उठून आधी ट्रॅक्टर सुरू केला.

"व्हा पुढं, दाजी," तो म्हणाला. "डिझेल भरूनच ठेवलंय."

पांढरी घाटाला लागली. सरळ चढावर नानांनी पाय दाबला. काही नाही. काही नाही. मग शीळ घालत टर्बो जागा झाला, पांढरी उसळली, आणि समोर वळण आलं. नानांनी ब्रेक मारला. टर्बो झोपला. वळण संपलं, नानांनी पुन्हा पाय दाबला. काही नाही, काही नाही, शीळ, वळण, ब्रेक. वरून उतरणाऱ्या जीपमधले भाविक हात जोडून बघत होते, देवीला की पांढरीला, कोण जाणे. चौथ्या वळणावर नानांनी काट्याकडे बघितलं, पांढरी अंगातलं वारं गेल्यासारखी थरथरली आणि बंद पडली.

ट्रॅक्टर पाठोपाठच होता. भिका दोर घेऊन उतरला.

"दाजी, इंजिन जपानचं हाय म्हनं. दोर नांदुरीचा चालंल ना त्याला? नायतर जपानहून मागवू."

नानांनी दोराचं टोक घेतलं आणि स्वतःच बांधलं.

खाली हॉटेलात बाकावर दोघं बापलेक बसले. चहा आला. निकिता साडीची पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती. चहा तिने निवू दिला. मग म्हणाली, "मी बसने नेते वर. आत्ता."

"नवस पांढरीचा आहे, निकू."

"नवस आईचा होता." तिने कपाकडे बघत सांगितलं. "ललितदादाने तुम्हाला सरळ सांगितलं होतं, लहान घ्या. तुम्हाला कळलं नाही असं होणार नाही. हवेचं तुम्हाला कळत नाही असं कोणी म्हणेल का? तुम्हाला साडी द्यायचीच नाही, बाबा. दिली की संपलं. म्हणून तुम्ही मोठा घेतलात."

भिका मागे भांडी विसळत होता. त्याने नळ बंद केला.

नानांना बोलायचं होतं. मोठ्या पंख्याचं, आतल्या पानांचं सगळं तोंडाशी आलं होतं. पण ते उठले, पांढरीपाशी जाऊन उभे राहिले आणि त्या आवाळूवर हात ठेवला. अजून गरम होतं. हात भाजला तरी त्यांनी लगेच काढला नाही.

साडी परत कपाटात गेली.

दुसऱ्या दिवशी नाना एकटेच मालेगावला गेले. ट्रकचा टर्बो त्यांनी चाचांच्या गोणपाटावर ठेवला आणि लहान मागितला. चाचा भला माणूस. काही विचारलं नाही, फक्त टर्बो पुढे केला. मोठ्या कांद्याएवढा होता. नानांनी फुंकर मारली. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. त्यांनी पुन्हा फुंकर मारली. दुकानात एक गिऱ्हाईक आलं आणि गेलं, तरी नाना तो पंखा फिरवत उभे होते. मग ते म्हणाले, "बांधा."

ललितने तो बसवला तेव्हा बॉनेटचं भोक उगाच मोठं दिसायला लागलं. चाचणी त्यांनी या वेळी शहराबाहेर, पाथर्डीच्या पुढे उघड्या माळावर घेतली. तरी ललितने आधी वनविभागाला फोन करून कळवून ठेवलं.

पुन्हा मंगळवार. पुन्हा निकिता, पुन्हा पिशवी. भिकाने पुन्हा ट्रॅक्टर सुरू केला, पण या वेळी तो काही म्हणाला नाही. नानांनी गिअर टाकला.

पहिलं वळण आलं. गाडी हळू झाली, नानांनी पाय दाबला, आणि पांढरी निघाली. एवढंच. शीळ नाही, उसळी नाही. दुसरं वळण, तिसरं, चौथं. चौथ्याला नानांनी श्वास धरला होता, तो पाचव्याला सोडला. पुढे एक बस अगदी मुंगीच्या चालीने चढत होती. नाना तिच्यामागे पहिल्या गिअरवर सरकत राहिले, पण चाक थांबू दिलं नाही. रस्त्यावर माकडं बसली होती. नानांनी हॉर्न धरून ठेवला आणि माकडं उठली. निकिताने एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. आरशात मागे बघितलं तर भिकाचा ट्रॅक्टर येत होता. मग तो लहान झाला, आणि मग दिसेनासा झाला.

माथ्यावर आले. दुकानं, पेढ्यांच्या परड्या, नारळांचे ढीग. पांढरी वर आली होती. न थांबता.

"बाबा," निकिता म्हणाली, आणि तिने पिशवी छातीशी धरली.

समोर एक हवालदार उभा होता. गडावर गर्दी फार झाली होती, पार्किंग भरलं होतं, आणि तो येणारी प्रत्येक गाडी जिथल्या तिथे वळवून खाली पाठवत होता. त्याने नानांना हात केला, वळा, वळा, थांबू नका, मागे रांग आहे.

इतक्या वर्षांत नानांना घाटात कोणी 'थांबू नका' असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. त्यांनी मनापासून मान हलवली आणि स्टिअरिंग फिरवलं.

"अहो बाबा, थांबा की आता! वर आलोय आपण!"

"पोलीस काय म्हणतो ते ऐकलंस ना?"

पांढरी वळली आणि आली तशी न थांबता घाट उतरायला लागली. वाटेत भिका भेटला. ट्रॅक्टर घेऊन तो आशेने वर येत होता. पांढरी त्याच्या बाजूने खाली गेली, आणि भिका मान वळवून बघत राहिला. तो परत नांदुरीला पोचला तेव्हा नाना त्याच्याच बाकावर बसले होते.

"झालं दर्शन?"

"नाही," नाना म्हणाले. "गाडी वर गेली."

"आन् देवी?"

"वरच आहे."

भिकाने बहिणीच्या पिशवीकडे बघितलं, भाचीकडे बघितलं, मग दाजींकडे. त्याला काहीतरी झकास बोलायचं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तो आत गेला आणि तीन चहा घेऊन आला. चहा झाल्यावर म्हणाला, देवी नवसाला पावली, आता साडी कशातूनबी जाऊ द्या. समोर गडाची बस उभी हाय.

तेव्हा साडी बसने गेली. निकिताला खिडकीशी जागा मिळाली, पिशवी तिच्याकडे. नाना दाराजवळच्या आडव्या सीटवर बसले. बस भरलेली होती. बायका देवीची गाणी म्हणत होत्या, कोणीतरी डब्यातली भाकरी वाटत होतं. बस घाटाला लागली. तिसऱ्या वळणावर ड्रायव्हरने गिअर बदलला आणि बस क्षणभर अडखळली.

नाना उठून उभे राहिले आणि त्यांनी दाराच्या दांडीला हात घातला.

"काका, कुठं निघालात?" कंडक्टरने विचारलं.

नानांनी हाताकडे बघितलं. मग खिडकीशी बसलेल्या निकिताकडे. ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

"ढकलायला," नाना म्हणाले.

"बसा," कंडक्टर म्हणाला. "जाते ही वर."